बाबांनी फरशीवर झोपून बेल निवडली

मंडळी, मी चालवते त्या वसमतच्या वृद्धाश्रमात आज नर्सला बोलवायची बेल ठरली, आणि मी अजून हवेतच आहे!

सकाळी विक्रेता दोन नमुने घेऊन आला. भिंतीवरचं चकचकीत बटण मला फार आवडलं. मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात आमच्याकडे राहणारे मारोतीबाबा पुढे आले. बाबा म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. गेल्या महिन्यात ते बाथरूममध्ये पडले, हाका मारत राहिले, आणि आम्हाला कुणालाच ऐकू गेलं नाही. त्याची बोच मला अजून आहे.

बाबा सरळ बाथरूमच्या कोरड्या फरशीवर आडवे झाले. "समजा मी पडलो. पोचतोय का हात बटणाला? न्हाई ना!"

मग विक्रेत्याने दुसरा नमुना लावला, जमिनीपर्यंत लोंबणारी दोरी. बाबांनी पडल्यापडल्याच ती ओढली. दाराबाहेर लाल दिवा लागला, बेल वाजली आणि सिस्टर धावत आल्या.

"जन्मभर दोरी ओढून गाडी थांबवली," बाबा खूश होऊन म्हणाले, "आज माणूस बोलावलं!"

आम्ही टाळ्याच वाजवल्या. आता प्रत्येक बाथरूममध्ये दोरी!

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची हाक बंद बाथरूममधून तुम्हाला ऐकू येते का? आज एकदा दार लावून बघाच.