पुलावर थांबलेली आत्या

माझी आत्या पोहायला शिकवायची. तिचा आवाज असा खणखणीत, की तलावाच्या या टोकाला ओरडली तर त्या टोकाचा माणूस पाय नीट मारायला लागे. तरुणपणी एकदा तिच्याकडे सिनेमावाले आले. त्यांच्या साहसपटात नायिका पुलावरून नदीत उडी मारते. नायिकेला पाण्याची धास्ती, म्हणून तिच्या बदली उडी मारणारी बाई हवी होती. चेहरा दिसणार नव्हता, फक्त पाठ.

"पाठ तर पाठ," आत्या म्हणाली. "पाणी खोल आहे ना, तेवढं सांगा."

सरावात तिने हसत हसत उड्या मारल्या. चित्रीकरणाच्या दिवशी मात्र अंगात जाडजूड लांब कोट, डोक्यावर केसांचा टोप आणि पाठीमागे धावत येणारे गुंड. आत्या पळत पुलाच्या तुटक्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. पायच उचलेना. तिने खाली बघितलं, एक पाऊल मागे आली, दोन्ही तळवे कोटाला पुसले आणि मग उडी मारली.

पाण्यातून वर येते तोच फाइट मास्टर कावला, "अहो बाई, मागे गुंड लागलेत आणि तुम्ही हात कसले पुसत बसता?"

पुन्हा घेणं शक्यच नव्हतं. ठरल्याप्रमाणे उडीपाठोपाठ फळ्यांचा तो पूल कोसळवला होता. दिग्दर्शक काही बोलला नाही, आणि तेच आत्याच्या जिव्हारी लागलं. लोकांना 'घाबरू नका' म्हणून दम देणारी ती, स्वतः कॅमेऱ्यासमोर घाबरली होती. सिनेमा धो धो चालला. ती बघायला गेली नाही. घरात विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची.

मी नोकरीला लागले, आत्याचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा तो सिनेमा परत थिएटरला लागला.

"आत्या, चल."

"स्वतःची फजिती बघायला पैसे कोण घालवणार?"

"तिकिटं मी काढलीत."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं?" म्हणत ती निघाली.

पुलाचा प्रसंग आला. शेजारचा एक बाप लेकीच्या कानात कुजबुजला, "आता बघ हं, ती घाबरते." पडद्यावरची पाठमोरी बाई थांबली. सगळं थिएटर चिडीचूप. तिने तळवे पुसले, तर या गृहस्थाने आपले पँटला पुसले. उडी पडली आणि शिट्ट्यांनी छत दणाणलं. आत्याने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

बाहेर आल्यावर तिने त्याला गाठलं. "त्या बाईने थांबायला नको होतं, नाही?"

"छे हो! खजिना कुठला, खलनायक कोण, मी पार विसरलो होतो. पण ते हात पुसणं लहानपणापासून डोक्यात आहे. वाटायचं, हिला भीती वाटते, म्हणजे ही खरंच पडू शकते."

आत्या म्हणाली, "ती मी होते."

तो तिच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे बघून नुसता हसला. लेकीचा मात्र लगेच विश्वास बसला.

"पाणी नाकात गेलं?"

"नाकात? पोटात गेलं! आणि तो मेला कोट, भिजल्यावर मला खाली ओढायला लागला..."

आमची बस आली आणि गेली. आत्या फुटपाथवर उभी राहून, हात पसरून, उडी कशी घेतली ते सांगत होती, आणि तो बापही आता हसायचा थांबून ऐकत होता.