आधीच ऐकलेला निरोप

कुंभार पिंपळगावात दैवशालाबाईंना नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. लहानथोर सगळ्यांच्या त्या अक्का. गावातली आणि आसपासच्या खेड्यांतली बरीच लग्नं अक्कांनी जुळवलेली. हा त्यांचा धंदा नव्हे. कुणी लग्नात लुगडं देऊ केलं तरी त्या हात लावत नसत. "लुगडं घेतलं की मंग पोरीचं उणं सांगायला तोंड राहत न्हाई," असं म्हणायच्या.

हे उणं सांगणं, हीच अक्कांची खरी विद्या होती. पोरीचा एखादा मोडलेला साखरपुडा असो, पोराला लहानपणी येणाऱ्या फिट्स असोत, घरोघरच्या बाया ते अक्कांच्या कानात सांगत आणि मोकळ्या होत. अक्का ते लपवत नसत. पण कुणाकरवी सांगतही नसत. पोरापोरीनं एकमेकांना पाहिलं, दोन शब्द बोलले, की अक्का स्वतः एसटीनं त्या गावी जात, चुलीपुढं बसत आणि घरातल्या थोरल्या बाईला सगळं सांगून टाकत. आधी माणूस, मग त्याचं उणं, हा त्यांचा क्रम. "आधी उणं ऐकलं की माणूस दिसतच न्हाई," हेही त्यांचंच वाक्य. या क्रमावर लोकांचा एवढा भरवसा, की अक्कांच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्याच कनवटीला आहे असं गाव मानायचं.

मग फोन आला. चाकणला नोकरीला असलेल्या मुलानं, भारतनं, आईला मोठ्या काचेचा फोन घेऊन दिला आणि वर बजावलं, "कशालाही हात लावू नको." फोन द्यायचा आणि हात लावू नको म्हणायचं, ही आजकालच्या लेकांची रीतच आहे. लाडू पुढ्यात ठेवायचा आणि तोंड बांधायचं.

अक्का हात लावणारच. फोनमुळं स्थळांचे फोटो, बायोडाटे सगळं घरबसल्या यायला लागलं, आणि त्याबरोबर अक्कांना प्रश्नही पडायला लागले. फोन जागा नाही म्हणतो, मी काय ठेवलंय त्याच्यात? अपडेट करा म्हणतंय, केल्यावर पोरींचे फोटो जातील का? गोल गोल फिरून राह्यलंय, थांबू का बंद करू? पासवर्ड चुकला म्हणतंय, मंग बराबर कोणता ते काहून सांगत न्हाई? या शेवटच्या प्रश्नात चूक काय होती ते मलाही अजून कळलेलं नाही. पण भारत वैतागायचा. "आई, मी कामात आहे," म्हणून फोन ठेवून द्यायचा. अक्कांचे मालक रखमाजी तर फोनचा विषय निघाला की गोठ्याकडंच निघून जात.

उत्तरं द्यायचा तो एकटा राधेश्याम. अक्कांच्या धाकट्या बहिणीचा, पुष्पाबाईचा मुलगा. पुष्पाबाई गेली तेव्हा तो शाळकरी होता. अक्कांनी त्याला आपल्या घरी आणला, भारतच्या ताटात जेवू घातला, जालन्याला कॉलेजात धाडला. आता जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचं वधूवर सूचक केंद्र होतं. दोन कॉम्प्युटर, भिंतीवर नवरानवरीची चित्रं, थंड पाण्याचा जार. मावशीचंच बघून शिकला, म्हणून अक्कांना त्याचं केवढं कौतुक!

राधे कधी वैतागला नाही. पासवर्डच्या प्रश्नाला हसला नाही. "मावशे, ते सांगितलं तर चोरालाबी कळंल ना," एवढं साधं त्यानं सांगितलं, आणि अक्कांना एका झटक्यात पटलं. एकदा अक्का त्याच्या केंद्रात गेल्या होत्या तेव्हा त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आणला, त्यासमोर अक्कांचा फोन धरला आणि म्हणाला, "आता फोन हरवला तरी बिलकुल फिकीर करू नको. तुझं सगळं माझ्यापाशी जपून राहील." अक्कांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. पोटच्या पोराला आईच्या फोनची कटकट आणि बहिणीच्या पोराला काळजी, हे त्यांच्या मनात आलं आणि भारतचा थोडा रागही आला.

त्यानंतर एक नवा प्रश्न उपटला. गावातल्या बहुतेक बायांना टाइप करायचा कंटाळा. त्या बोलून व्हॉइस पाठवत. न ऐकलेल्या व्हॉइसवर हिरवी खूण असते आणि ऐकला की ती निळी होते, एवढं अक्कांनी शिकून घेतलं होतं. पण अलीकडं त्या शेतातून येऊन फोन उघडत तेव्हा कुठं कुठं आधीच निळं झालेलं असे. त्यांनी राधेलाच विचारलं.

"राधे, मी ऐकलंच न्हाई, अन् ते ऐकल्यावाणी काहून दाखवून राह्यलंय?"

"नेट स्लो असलं की व्हतं तसं, मावशे. ध्यान देऊ नको."

अक्कांनी ध्यान दिलं नाही. राधे सांगतो म्हणजे बरोबरच.

गावातल्या द्वारकाबाईची तृप्ती बी.एड. झालेली, बोलायला गोड, हाताला कामाची. अंबडकडच्या नंदाबाईचा मुलगा अक्कांनी तिच्यासाठी काढला होता. पोरांनी एकमेकांना पाहिलं, दोघांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तृप्तीच्या पाठीवर तळहाताएवढा पांढरा डाग होता. घरात पाहुणे असल्यामुळं द्वारकाबाईला अक्कांकडं येता आलं नाही, म्हणून तिनं न्हाणीत उभं राहून दबक्या आवाजात व्हॉइस पाठवला: "अक्का, ह्ये फक्त तुमच्या कानावर घालून राह्यले. कसं सांगायचं ते तुमी ठरवा." अक्कांनी तो उघडला तेव्हा खूण निळीच होती. रविवारी अंबडला जाऊन चुलीपुढं बसायचं, असं त्यांनी मनाशी धरलं.

रविवार उजाडायच्या आतच नंदाबाईचा फोन आला. आवाज कोरडा होता. "डाग लपवून पोरगी आमच्या गळ्यात बांधत व्हत्या का, अक्का? तुमच्याकडून ही आशा नव्हती."

तासाभरात द्वारकाबाई अंगणात उभी. तिला बस म्हणायचीही सोय राहिली नाही.

"तुमच्याबिगर कुणाला म्हाईत न्हाई. घरात माझ्या नवऱ्यालाबी मी हे फोनवर सांगते म्हणून बोलले न्हाई. केसानं गळा कापला तुमी, अक्का. पोरगी ऐकल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडलीय."

"द्वारके, माझ्या लेकराची शपथ, मी एक शब्द—"

"मंग काय भिंतीनं सांगितलं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी तोंडावर खोटं म्हणत होतं, आणि शेजारणी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. उद्या या गावात कुठलीही आई आपल्या पोरीचं दुखणं अक्कांना सांगणार नव्हती. अक्का रडल्या नाहीत. त्यांना राग आला, आणि रागात त्यांना ती निळी खूण आठवली.

त्या द्वारकाबाईचा दंड धरून तिला बाजारपेठेतल्या पायलच्या कॉम्प्युटर क्लासवर घेऊन गेल्या. "चल. भिंतीनं सांगितलं असंल तर भिंत दाखवते तुला." द्वारकाबाई वाटेत तीनदा हात सोडवून घ्यायला निघाली, पण अक्कांची पकड सुटली नाही.

पायल ही भिवा मास्तरांची लेक. दुपारची वेळ, क्लास रिकामा. अक्कांनी तोच प्रश्न विचारला, जो राधेला विचारला होता. पायलनं नेटचं नाव काढलं नाही. तिनं अक्कांचा फोन घेतला, व्हॉट्सअॅपमध्ये दोन ठिकाणी दाबलं आणि पडदा अक्कांपुढं धरला.

"अक्का, तुमचं व्हॉट्सअॅप आणखी एका कॉम्प्युटरवर चालू आहे. तुम्हाला जे येतं ते सगळं तिथंही दिसतं, ऐकू येतं. आजही उघडलेलं आहे. असा ठिपक्यांचा चौकोन कुणाच्या कॉम्प्युटरवर तुम्ही—"

"नको सांगू," अक्का म्हणाल्या.

त्या बाकावर बसल्या. तुझं सगळं माझ्यापाशी जपून राहील. जपलं होतं की पोरानं! घराघरातलं दुखणं, न्हाणीत उभं राहून सांगितलेलं, तो कापड दुकानाच्या वर बसून, थंड पाणी पीत ऐकत होता. मावशीचं जुळलेलं मोडलं की ते स्थळ त्याच्याच केंद्राकडं वळणार होतं. आणि मावशी विचारायला आली तेव्हा तिला नेटची गोष्ट सांगत होता. गोठ्यात शिरलेल्या जनावराला माणूस हाकलतो. हे आपण हातानं चारा घालून बांधलेलं होतं. पण तरीही अक्कांचं मन फिरून फिरून एकाच जागी येई. चुकून राहिलं असेल. उघडं असेल, दुसऱ्या कुणी ऐकलं असेल. केंद्रात नोकरीला असलेल्या एखाद्या पोरीनं.

"म्हंजे राधेश्याम?" द्वारकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात भरवसा नव्हता. "वा रे वा! सोताच्या भाच्यावर ढकलून मोकळ्या? फोन तुमचा, अन् ऐकतो जालन्यातला माणूस? असं कुठं असतं का?"

पायल म्हणाली, असतं. आणि दाखवताही येतं. तिनं आपल्या फोनवरून अक्कांना आधी लिहून पाठवलं, 'एका मुलीबद्दल खासगी सांगायचं आहे.' मग आपला फोन अक्कांच्या हातात दिला. "आता यात बोला. तुमच्या फोनला कुणीही हात लावायचा नाही. तो टेबलावर राहू द्या. तिकडं कुणी ऐकलं तर खूण निळी होईल."

अक्कांना हे आवडलं नाही. आपल्याच पोरासाठी पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा अडकवायचा? पण द्वारकाबाई समोर बसली होती, आणि तिच्या घरात तृप्ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. अक्कांनी फोन तोंडाशी धरला. चोराला पकडायला माणूस जसा बोलेल तसं काही त्यांना जमलं नाही. त्या बोलल्या ते असं:

"राधे, मी मावशी बोलून राह्यले. तुला ऐकू येत असंल तर मला फोन कर बाबा. चुकून उघडं राहिलं म्हन, मी मानीन. दुसऱ्या कुणी ऐकलं म्हन, तेबी मानीन. तृप्तीचं तूच सांगितलं असंल तर तसं म्हन, मी तुझ्यासंगं नंदाबाईकडं येते, पाया पडू, पोरीचं बराबर करू. पर फोन कर. पुष्पाच्या मागं मी तुला कधी उपाशी निजू दिलं न्हाई, एवढं ध्यानात ठेव अन् फोन कर."

अंगठा उचलला. अक्कांचा फोन टेबलावर थरथरला. तिघी त्याच्याकडं बघत बसल्या. द्वारकाबाईनं तर हात पदराखाली घेतले होते, न जाणो आपलाच स्पर्श व्हायचा. बाहेर रस्त्यावर कुणीतरी कांद्याची पाटी उतरवत होतं, त्याचा आवाज येत होता.

पायलच्या फोनवरची खूण निळी झाली.

द्वारकाबाईनं तोंडाला पदर लावला. अक्का मात्र आपल्या फोनकडं बघत होत्या, आता वाजेल म्हणून. ऐकायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. मग लाज वाटायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. मग शब्द जुळवायला लागतो तेवढा. अक्का प्रत्येक वेळी त्याला आणखी थोडा वेळ देत होत्या. पोर घाबरलं असेल, खाली उतरून एकांतात जाऊन करत असेल.

शेवटी पायलनं हळूच तो फोन उचलला आणि मघाची जागा उघडली.

"काय झालं?" अक्कांनी विचारलं.

"तो कॉम्प्युटर यादीतून गेला, अक्का. तिकडूनच काढून टाकलं त्यानं. आता त्याला काही ऐकू येणार नाही."

"अन् फोन?"

पायलनं नकारार्थी मान हलवली.

द्वारकाबाई उठली आणि अक्कांच्या पायांशी खाली बसली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "अक्का, मला माफ करा. मी तुमाला काय न्हाई ते बोलले. मी आत्ता जाऊन गल्लीत सगळ्यांना सांगते, अक्का खऱ्या व्हत्या म्हणून. नंदाबाईलाबी सांगते."

अक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्यांची नजर टेबलावरच्या फोनवरून हलली नाही.

"तू मला खोटी म्हणत व्हतीस ना, द्वारके," त्या म्हणाल्या, "तवर बरं व्हतं गं. तवर माझं पोर माझं व्हतं."