साहेबांचा डावा खांदा

घोड्याचा पाय दोन मांड्यांत धरून, कमरेत वाकून, तोंडात चार खिळे घेऊन कुणाला बोलता येतं का? वहिनींना येतं. आणि समोरच्याला ते कळतंही, हे त्याहून मोठं. नालबंदीचं काम त्या सासऱ्यांकडून शिकल्या. नवऱ्याला घोड्याच्या नुसत्या वासाने शिंका येत. तो बापडा घड्याळं दुरुस्त करायला बसला आणि घरची कानस सुनेच्या हाती आली. सुरुवातीला गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. आज तीच मंडळी दुसऱ्या कुणाला आपल्या घोड्याच्या पायाला हात लावू देत नाहीत. वहिनी त्यांना सगळेच म्हणतात, पण खऱ्या नात्याने म्हणणारा एकच, त्यांचा धाकटा दीर.

या दिराकडे एक बुटका घोडा होता. जातच तशी, पुरा वाढलेला, तरी पाठ जेमतेम वहिनींच्या कमरेला. नाव साहेब, कारण बोलावलं म्हणून तो कधी आला नाही. बागेत मुलांची छोटी गाडी ओढायचा. तीन महिन्यांपूर्वी साहेब पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागले.

घोडा लंगडला की आधी खूर बघायचा, ही मामंजींची शिकवण. वहिनींनी बघितला. पुढची कड झिजली होती, ती सारखी केली. पंधरा दिवसांनी पुन्हा तासला. फरक शून्य. उलट पाय उचलला की साहेब चावायला धावायचे. ‘नखरे बघा साहेबांचे!’ असं म्हणून वहिनी दिराला त्याचं तोंड घट्ट धरायला लावायच्या आणि काम उरकायच्या.

शेवटी दिराने हात टेकले. "वहिनी, त्याचे हाल बघवत नाहीत हो. सोमवारी डॉक्टरीणबाईंना बोलावलंय. त्याला कायमचं झोपवायला."

रविवारी दुपारी वहिनी शेवटचं म्हणून त्याचे खूर तासायला गेल्या. जायचंच आहे तर बिचाऱ्याने नीट पायांनी तरी जावं, एवढाच विचार. त्या दिवशी नेमकी त्यांची कंबर धरली होती. वाकता येईना, म्हणून तबेल्यात पोतं टाकून जमिनीवरच बसल्या आणि साहेबांचा पाय चार बोटं उचलून कानस चालवू लागल्या. साहेब गप्प उभे. तोंड धरायला कुणी नाही, तरी गप्प! कड नीट दिसावी म्हणून वहिनींनी सवयीने पाय वर ओढला, आणि बाहीत दात घुसले. खाली घेतला, शांत. पुन्हा वर घेतला, कान मागे. तीनदा करून बघितलं आणि त्यांनी कानस खाली ठेवली.

खूर वर काय, खाली काय, तोच होता. ताणला जात होता तो खांदा! कमरेएवढ्या जनावराचा पाय मोठ्या घोड्यासारखा मांडीपर्यंत उचलायचा, तोही बाहेरच्या बाजूला वळवून, का? तर आपली पाठ वाचावी म्हणून. कड झिजली होती तीही पाय पुढे टाकता येईना, फरफटत होता म्हणून.

दुसरं कुणी असतं तर गुपचूप घरी गेलं असतं. वहिनी सोमवारी सकाळी तबेल्याच्या दारात उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई बॅग घेऊन आल्या, मागे दीर, शिवाय बघायला आलेले दोन गाडीवाले, म्हणजे वहिनींचीच गिऱ्हाइकं.

"आधी माझं ऐका," वहिनी म्हणाल्या. "तीन महिने माझं चुकलं. दुखणं खुरात नाही, खांद्यात आहे. आणि मी ते वाढवलंय."

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. आधी खुराजवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं. साहेब लंगडतच राहिले. मग खांद्याच्या सांध्यात दिलं. अर्ध्या तासाने साहेब गल्लीतून सरळ चालत गेले आणि परत येताना चक्क दुडदुडले. दीर सगळ्यांदेखत रडला. एक्स-रे काढला तेव्हा सांधा झिजलेला निघाला. बुटक्या जातीत हा खांदा दगा देतो, असं बाई म्हणाल्या. पुरता बरा होणार नाही, पण औषधं दिली, वजन उतरवलं, गाडी बंद केली आणि पाय कधीच वर ओढला नाही, तर तो सुखाने जगेल.

बधिरपणा उतरला तसे साहेब पुन्हा लंगडू लागले. दिराने तरीही डॉक्टरीणबाईंना ते कायमचं झोपवायचं इंजेक्शन नको म्हणून सांगितलं. मग सगळे गेल्यावर तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं. वहिनींनासुद्धा जमलं नाही म्हणजे इलाजच नव्हता, असंच म्हणाले असते लोक."

"ते कालच आलं होतं माझ्या मनात," वहिनी म्हणाल्या.

"मग?"

"मग काय, भाऊजी! तो बिचारा तीन महिने चावून चावून सांगत होता. त्याचं तोंड दाबून कोण धरत होतं? आपणच ना?"