आवाज काढून दाखवा

मोटरसायकलला काय झालंय हे तिच्याकडे न बघता, नुसतं तिच्या मालकाच्या तोंडून ऐकून सांगणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं भाग्य असं की तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामा मेकॅनिक नाहीत. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आहे. तीस-पस्तीस वर्षं शेवंतीची आणि झेंडूची गाठोडी मागच्या सीटवर बांधून बाजारात नेता नेता त्यांना गाडीचं बोलणं कळायला लागलं, एवढंच. पुढे आजूबाजूच्या लोकांनाही ते कळलं आणि मामांच्या अंगणातल्या चिकूखाली रोज कुणाची ना कुणाची गाडी उभी राहायला लागली.

मामांकडे एक नियम आहे आणि तो मोडायची कुणाची टाप नाही. मामा पान्याला हात लावण्याआधी मालकानं गाडीचा आवाज स्वतःच्या तोंडानं काढून दाखवायचा. "मागून आवाज येतो हो" एवढं सांगून भागत नाही. "कसा येतो? काढून दाखवा," असं म्हणून मामा डोळे मिटून बसतात. एका करारी मुख्याध्यापकांना मी त्या अंगणात गाल फुगवून "खडाक्" म्हणताना पाहिलं आहे. "सर, रेस देताना का सोडताना?" मामांनी विचारलं. "दोन्ही वेळेला," सर म्हणाले. "मग दोनदा काढा." सरांनी मुकाट्यानं दोनदा काढला. आत भाजी निवडणाऱ्या मामींनी पदर तोंडात धरला होता. या नियमामागे मामांचं शास्त्र आहे. "गाडी आपल्यासमोर गपगुमान उभी ऱ्हाती," ते म्हणतात. "पन रोज चालवनाऱ्याच्या कानात तिचा आवाज बसलेला असतो. त्याला फक्त लाज वाटती."

माझी त्यांच्याशी ओळखही अशीच झाली. मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीची मंडळी माझी नोकरी आणि शिक्षण विचारत होती. मामा कोपऱ्यातून एवढंच म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पन क्लच पुरता दाबत नाय. घाईचं हाय." मी गाडी लावली तेव्हा ते ओसरीवर होते, हे मला नंतर कळलं. लग्न ठरलं, पण सासरच्या मंडळींत मी कायमचा 'घाईचा' झालो तो झालोच.

ज्या गाडीवरून मी गेलो होतो ती माझ्या वडिलांची. वडील नाशिकरोडला शिंपीकाम करायचे. शिलाईचं मशीन आणि ही मोटरसायकल, या दोनच गोष्टींना ते दुसऱ्याला हात लावू देत नसत. माझ्या लग्नाआधीच ते गेले; मशीन आईनं झाकून ठेवलं आणि गाडी माझ्याकडे आली. तिच्यावरून मी रोज घोटीला नोकरीला जात होतो. दोन वर्षांपूर्वी तिच्यातून आवाज यायला लागला. रेस सोडली की "खट्", परत दिली की "खट्". चेन सैल झाली असणार, असं मीच ठरवलं आणि दर रविवारी ती आवळायला लागलो. आवाज वाढतच गेला. एका गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं इंजिनावर हात ठेवून मान हलवली आणि म्हणाला, "काढून टाका साहेब, हिच्यात आता काही राहिलं नाही." त्या दिवशी घरी आल्यावर आईला हे सांगायचा मला धीर झाला नाही. गाडी विकायची म्हणजे वडिलांना दुसऱ्यांदा पोचवून यायचं, असं मला वाटत होतं.

शेवटी मामांकडे गेलो. अंगणात उभा राहून, बायकोच्या देखत, मी "खट्" काढून दाखवलं. मामांनी चार वेळा काढायला लावलं. मग गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन बंद ठेवून गिअर टाकला आणि मागचं चाक हातानं पुढेमागे हलवलं. चाक चांगलं चार बोटं मोकळंच फिरत होतं. चेनवर बोट ठेवताच ते माझ्याकडे वळले.

"जावईबापू, हिच्यावर कपडे वाळत घालायचेत का? चेनला दोन बोटं ढील लागतीच. घाईचे तुम्ही."

मी मान खाली घातली. मग त्यांनी एका हातानं मागचं दातेरी चक्र घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं चाक हलवलं. चक्र जागेवर राहिलं आणि चाक हललं. "खट्." हुबेहूब माझा आवाज. "गिअरबॉक्सला काय धाड भरलीय? चक्र आन चाक यांच्यामधी धक्का खायला रबरं असत्यात. ती झिजलीत."

चाक उतरवून त्यांनी रबरं बाहेर काढली. रबरांच्या फटीत सायकलच्या ट्यूबचे काळे तुकडे बसवलेले होते. ते पाहून मामा थांबले. एक तुकडा त्यांनी धोतराला पुसला आणि उन्हात धरला.

"हे मेकॅनिकचं काम नाय," ते म्हणाले. "मेकॅनिक ट्यूब कापतो आन कोंबतो. हे कुनीतरी शिवलंय."

मी बघितलं. ट्यूबचे दोन पदर एकावर एक ठेवून कडेनं दुहेरी शिलाई मारलेली होती. कोपरे गोल, टाके एकसारखे. माझ्या शाळेच्या गणवेशाच्या सगळ्या खिशांवर होती तीच शिलाई. बायकोनं माझा दंड धरला. मामांनी सगळं ओळखलं आणि पुढचा अर्धा तास ते गाडीशीच बोलत राहिले.

नवीन रबरं बसली. चेन सैल झाली आणि आवाज गेला. ट्यूबचे ते आठही तुकडे मामांनी रॉकेलनं पुसून पुडीत बांधले आणि माझ्या हातात दिले. "आवाज आला तर हुडकायला मी हाय," ते म्हणाले. "ही शिलाई मारनारं आता कोन नाय. जपा." आईनं ती पुडी वडिलांच्या मशीनच्या खणात ठेवली आहे. माझ्या वडिलांना एकदाही न भेटलेल्या माणसानं मला वडील परत आणून दिले, त्याला उतराई कसं व्हायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मामांना आता कमी दिसतं. गाडी चालवणं त्यांनी सोडलं आहे. गावात बॅटरीवरच्या गाड्या आल्यात, त्यांना ना चेन ना खडखड, त्यामुळे चिकूखालची जागा बऱ्याचदा रिकामी असते. माझी गाडी मात्र ठणठणीत आहे आणि हीच माझी अडचण आहे. म्हणून रविवारी मखमलाबादला जाताना वाटेत मी एखादा आवाज रचून ठेवतो. गेल्या रविवारी अंगणात उभा राहून "टुक्-टुक्-खर्र" असं काहीतरी काढलं. मामांनी डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"असा आवाज कुठल्याच गाडीत नसतो, जावईबापू," ते म्हणाले. "बसा. च्या येतोय." मग बाजेवर थोडे सरकून त्यांनी मला जागा करून दिली आणि पुन्हा डोळे मिटले.

"तवर परत एकदा काढा."