आईचं भाडं, आमचं रिटर्न

लग्न करून मी नागपूरहून अमेरिकेत कॅरीला आले त्याला सहा वर्षं झाली. टॅक्सचं काम पहिल्यापासून नवऱ्याकडे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन बसायचा आणि दुपारी मला हाक मारायचा. मी कणकेचे हात धुऊन यायचे आणि तो बोट ठेवेल तिथे सही करायचे. एरवी किराण्याच्या पावतीवरून हुज्जत घालणारी बाई मी, पण त्या फॉर्मपुढे माझी बोलती बंद.

यंदा त्याने नोकरी बदलली, शेअर्सचं काही गुंतागुंतीचं झालं, म्हणून आम्ही एका काकांकडे गेलो. काका रिटायर्ड अकाउंटंट. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या लोकांची रिटर्न्स त्यांच्या डायनिंग टेबलावर होतात.

"इंडियात काही इन्कम? अकाउंट, प्रॉपर्टी?" त्यांनी विचारलं.

"नाही काका," नवरा म्हणाला.

"तुला नाही रे, हिला विचारतोय."

"माझं काही नाही," मी म्हटलं. "आईचा एक फ्लॅट आहे, त्याचं भाडं येतं."

"फ्लॅट कोणाच्या नावावर?"

"माझ्या."

"आणि भाडं?"

"माझ्या अकाउंटला. पण कार्ड आईकडे असतं."

काकांनी पेन खाली ठेवलं.

मुलीच्या नावावर काहीतरी असावं म्हणून बाबांनी माझ्या लग्नाआधी तो फ्लॅट घेतला होता. बाबा गेल्यापासून आई त्याच भाड्यावर राहते. दूध, औषधं, कामवाल्या मावशींचा पगार, सगळं त्यातून. ते पैसे माझे आहेत हे माझ्या डोक्यातही कधी आलं नाही.

"तुझ्या नावावर म्हणजे इथे ते तुझंच इन्कम," काका म्हणाले. "आणि रिटर्न जॉइंट, सह्या दोघांच्या, तेव्हा चूकही दोघांची. घाबरू नका, फिक्स होतं. मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स अमेंड करू, म्हणजे दुरुस्त करून परत भरू, आणि तुझं तिकडचं अकाउंट इथल्या सरकारला रिपोर्ट करू. असं का झालं, ते मात्र एका लेटरमध्ये खरंखरं लिहून द्या."

घाबरू नका म्हणे! परतताना गाडीत माझ्या डोक्यात एकच चालू होतं. बायकोने आपल्यापासून फ्लॅट लपवला असंच त्याला वाटत असणार. त्यात 'विकून टाक, कटकट नको' म्हणाला, तर आईने जगायचं कशावर? घर येईपर्यंत मी मनातल्या मनात भांडणाची पूर्ण तयारी केली होती.

तो आल्याआल्या लॅपटॉप उघडून पत्र लिहायला बसला. तासाभराने मला म्हणाला, "वाच. या वेळी वाचल्याशिवाय सही करायची नाही."

त्याने इंग्रजीत लिहिलं होतं: रिटर्न दरवर्षी मी भरतो. पत्नीच्या भारतातल्या उत्पन्नाबद्दल मी तिला एकदाही विचारलं नाही. आमच्याकडे जावयाने सासरच्या मालमत्तेची चौकशी करणं हलकेपणाचं समजतात. हे पैसे आपल्या आईचे आहेत असंच ती धरून चालली होती.

"सगळं तुझ्यावर कशाला घेतोस?" मी चिडूनच म्हटलं. "सांगायला मला काय झालं होतं?"

"यार, मी विचारलं नाही हे खरं आहे ना? आता विचारतो. भाडं किती येतं?"

आलाच मुद्द्यावर, असं मनात म्हणत मी आकडा सांगितला.

बाबा गेल्यावर कितीतरी नातेवाइकांनी मला फ्लॅटबद्दल विचारलं होतं. कोणाच्या नावावर आहे, आज किती किंमत येईल, विकणार का. नवऱ्याबद्दल कृतज्ञता म्हणायला जरा संकोच वाटतो, पण मला त्या दिवशी वाटली ती कृतज्ञताच. कारण आकडा ऐकून तो म्हणाला, "एवढ्यात आईंचं भागतं का गं?"