सड्याची हद्द

बोरपानीची कोटवार कलाबाई मुनादी देते, म्हणजे दवंडी देते, तेव्हा तिला भोंगा लागत नाही. मोहगावच्या पुढं संत्र्याच्या बगीच्यांमधून आत शिरलं की दीडशे घरांचं हे गाव लागतं. त्याच्या एका टोकाला उभं राहून तिनं "ऐका हो" म्हटलं की दुसऱ्या टोकाची म्हैस रवंथ थांबवते. खोटं नाही सांगत, पाहिलेलं सांगतो.

नवरा गेला आणि कोटवारी तिच्याकडं आली. कोटवारानं तहसीलचा हुकूम गावाला ओरडून सांगायचा, आणि गावात कोण जन्मलं, कोण गेलं, कुठं डोकी फुटली, हे सौंसरला जाऊन कळवायचं. तेव्हा पारावरचे चार शहाणे म्हणाले होते, बाईमाणसाच्यानं हे झेपणार आहे का? याला बावीस वर्षं झाली. ते चार शहाणे कोण हे आता त्यांना स्वतःलाही आठवत नाही. कलाबाईला मात्र नावानिशी आठवतं, आणि ती ते त्यांना चारचौघांत ऐकवते.

आता गोष्ट घरांच्या कागदाची. आपल्याकडं शेताचा कागद असतो, नकाशा असतो, धुऱ्याच्या वीतभर जागेसाठी माणसं तीस वर्षं कोर्टात जातात. पण ज्या घरात माणूस जन्मतो त्या घराचा कागद मात्र कोणाकडंच नव्हता. जुन्या नकाशावर आख्खी वस्ती म्हणजे एक वाकडातिकडा गोल, आणि आत लिहिलेलं 'आबादी', बस्स. कोणाचं घर कुठवर, ते गावानं तोंडी सांभाळायचं. मग सरकारनं नवा नियम केला की ड्रोन वरून वस्तीचे फोटो काढेल, त्यावरून नकाशा होईल, आणि घरमालकाला घराचा कागद मिळेल. इतक्या वर्षांनी कायद्याला घर दिसलं, आणि तेही आकाशातून. असो, दिसलं हे महत्त्वाचं.

पण ड्रोनला वरून फक्त छपराची टिनं दिसतात. कोणाची हद्द कुठं संपते हे त्याला जमिनीवरूनच सांगावं लागतं, आणि ते सांगायचं चुन्याच्या रेघेनं. म्हणून पटवारी, म्हणजे तलाठी, अनुराधा ड्रोन यायच्या आदल्या दिवशी पांढुर्ण्याहून आली आणि कलाबाईला बरोबर घेऊन दिवसभर गाव फिरली. पटवारी तिशीची, पायात बूट, डोक्यावर टोपी. दोन्ही शेजाऱ्यांना समोर उभं करायचं, कबूल करून घ्यायचं, मग चुना टाकायचा. संध्याकाळपर्यंत आख्खं गाव पांढऱ्या चौकटींत बसलं.

सगळ्यात वेळ लागला तो देवकाबाईच्या घरी. देवकाबाई विधवा. तिचं आणि धाकटा दीर विनोद याचं घर एकाच लांब टिनाखाली, मधे मातीची एक भिंत. वाटणी वीस वर्षांपूर्वी झाली, तोंडी. देवकाबाईला एकच मुलगी, ती लोधीखेड्याला दिलेली. विनोदचं म्हणणं, वहिनीच्या मागं अर्धं घर पोरीच्या सासरी जाईल, त्यापेक्षा आत्ताच सगळ्याला मिळून एकच रेघ घाला, वहिनीला काय मी घराबाहेर काढून राहिलो? देवकाबाईला एवढंच कळत होतं की एकच रेघ पडली तर कागदावर नाव विनोदचं येणार, आणि उरलेलं आयुष्य आपण त्याच्या मर्जीनं राहणार. शेवटी जुने सरपंच केशवराव मधे पडले, विनोदनं तोंड वाकडं करून मान हलवली, आणि अंगणात पुढंमागं मधली रेघ पडली. देवकाबाई ती रेघ पाहत दारात बराच वेळ उभी होती.

इथवर सगळं ठीक होतं. आणि इथंच आमच्या कलाबाईनं माती खाल्ली.

संध्याकाळी मुनादी द्यायची होती. पटवारी मॅडमनं सांगितलेले शब्द साधे होते: उद्या दहा वाजता ड्रोन येईल, रेघा पुसू नका. कलाबाईनं ते सांगितलं. पण बावीस वर्षं हुकूम सांगणाऱ्या बाईला गावाचा अभिमान असतो ना बाप्पा. तिनं पदरचं जोडलं, "आपल्या गावाचा फोटो पार दिल्लीलोक जाऊन राहिला हो. कोनाचं आंगन घान दिसू नये."

झालं. ड्रोन आणि रेघा कोणाच्या ध्यानात राहतात? बायकांच्या कानात राहिलं ते अंगण. पहाटे पाचपासून बोरपानीत जी झाडझूड सुरू झाली ती दिवाळीलाही होत नाही. घराघरांतून खराटे निघाले, शेण कालवलं गेलं, सडे पडले, रांगोळ्या निघाल्या. एकीनं तर कमळ काढून खाली 'सुस्वागतम्' लिहिलं. आठ वाजता कलाबाई बाहेर पडली तेव्हा गाव असं लखलखत होतं की डोळे निवावे, आणि चुन्याची एक रेघ औषधाला शिल्लक नव्हती.

ती तशीच धावत देवकाबाईच्या घरी गेली.

विनोद तिच्या आधी पोचला होता. हातात चुन्याचं घमेलं, आणि तो दोन्ही घरांना वेढा घालत एकच रेघ ओढत होता. दारात देवकाबाई पदर तोंडाशी धरून उभी. कलाबाई जाऊन मधोमध, जिथून कालची रेघ गेली होती तिथं, उभी राहिली.

"इथून रेघ होती, विनोदभाऊ. काल साऱ्यायसमोर टाकली."

"होती असंन. आता कुठी हाय?" विनोद शांतपणे म्हणाला. "वाटनीचा कागद हाय का? नाई. मंग? कोटवारनीच्या तोंडावर सरकार नकाशा काढते का?"

तेवढ्यात मोटरसायकलवरून अनुराधा आली. तिनं गाव पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि विनोदचं ऐकून घेतलं. मग हळूच कलाबाईला म्हणाली, "मौशी, दोघांचं पटलं नाही तर मला हे घर वादात टाकावं लागेल. मग तहसील, तारखा. वर्षं जातील."

कलाबाईला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आवाजाचा राग आला. आपल्याच तोंडानं आपण या बाईचं घर पुसलं, या विचारानं तिचे डोळे भरले. ती खाली मान घालून उभी राहिली, आणि मान खाली होती म्हणूनच तिला ते दिसलं.

तिच्या एका पावलाखाली सडा गडद हिरवा होता, दुसऱ्या पावलाखाली फिकट. विनोदच्या गोठ्यात दोन बैल, एक गाय. त्याची बायको सुचिता शेणाला कंजुषी करत नाही. देवकाबाई दुसरीकडून मागून आणलेल्या एका गोवरीएवढ्या शेणात बादलीभर पाणी घालते. दोन सडे एकमेकांना भिडले होते, आणि भिडले होते ती जागा भिंतीपासून रस्त्यापर्यंत सरळ गेली होती.

"मॅडम, इकडं या," कलाबाई म्हणाली. "हे पाहा. कोनतीच बाई दुसरीच्या आंगनात सडा टाकत नाई. आपल्या हद्दीलोक टाकते आन थांबते. आमी रेघ पुसली, पन हद्द नाई पुसली."

अनुराधा वाकून पाहत राहिली. मग उठली आणि वहीचं पान उलटलं. "नियमात कब्जा बघायला सांगितलंय," ती म्हणाली. "जागा रोज कोण वापरतं, कोण राखतं, ते. विनोदभाऊ, तुमच्या घरी सडा कोण टाकतं?"

सगळ्यांच्या माना सुचिताकडं वळल्या. ती खराटा घेऊन ओसरीवर उभी होती. विनोदनं तिच्याकडं एकदा पाहिलं. ते पाहणं काय होतं ते तिथल्या प्रत्येक बाईला कळलं.

सुचिता पायरी उतरून खाली आली, गडद सड्याच्या कडेला उभी राहिली. "माया सडा इथलोक," ती म्हणाली. "लग्न होऊन आली तवापासून इथलोकच. त्याच्या पल्याड जाऊबाईचं हाय. मी तिच्या आंगनात कधी शेन टाकलं नाई, आता घर कसं टाकू?"

विनोद घमेलं खाली ठेवून मागच्या दारानं निघून गेला. अनुराधानं तिथंच पंचनामा लिहिला. हद्द दाखवणारी म्हणून सुचितानं सही केली. विनोदची सही तासाभरानं, केशवराव त्याला बगीच्यातून घेऊन आले तेव्हा झाली.

आणि मग काय सांगू. कलाबाईनं पारावरून आवाज दिला, "ज्या बाईनं जिथलोक सडा टाकला तिथी तिनं उभं राहा." दीडशे घरांच्या बायका आपापल्या सड्याच्या कडेला उभ्या राहिल्या. काल पुरुषांनी दिवसभर वाद घालून जी रेघ ठरवली ती आज बायकांनी नुसतं उभं राहून दाखवली, आणि कुठंही दोघींत बोटभर फरक पडला नाही. कलाबाई पुढं, चुना मागं. केशवराव पारावरून म्हणाले, "कलाबाई, काल आमाले उगाच राबवलं व तू." ती म्हणाली, "हाव, उगाच." दहाला ड्रोन भणभणत वर गेला तेव्हा गाव पुन्हा चौकटींत होतं, रांगोळ्यांसकट. कलाबाई मान वर करून बघत राहिली, आणि सांगतो तुम्हाला, तिची छाती अशी फुगली होती की पदर सावरायचंही भान नव्हतं.

कागद यायला बराच वेळ गेला. तोवर पांढुर्णा जिल्हा झाला होता. सौंसरला वाटप झालं, पण देवकाबाईचे गुडघे चालत नाहीत म्हणून तिचा कागद कलाबाईच घेऊन आली. वरून काढलेला घराचा चौकोन, नंबर, आणि नाव. देवकाबाईला वाचता येत नाही. कलाबाईनं तिचं बोट धरून नावावर ठेवलं, आणि ते बोट तिथून बराच वेळ हललं नाही. "माया नावानं पैला कागद," एवढंच ती म्हणाली.

त्या दोघी ओसरीवर बसल्या होत्या, तेवढ्यात विनोद आला. तो सड्याच्या कडेच्या अलीकडं, आपल्या अंगणातच थांबला. खाकरला.

"वहिनी, मले मागं नवं टीन टाकाचं हाय. थोडंसं तुयाकडं येते. टाकू का?"

देवकाबाईनं वर पाहिलं. या घरात येऊन तिला पस्तीस वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत कोणी तिला काही विचारलं नव्हतं. तिनं कागदाची घडी केली, पदराखाली ठेवली, अंगणाकडं पाहिलं, टिनाकडं पाहिलं.

"उद्या सांगतो," ती म्हणाली.

विनोद मान हलवून गेला. देवकाबाई कलाबाईकडं वळली आणि म्हणाली, "बस, चहा ठेवतो."