सूत ताठ होईपर्यंत

“तात्या, मागे जाताय,” मी कॅमेऱ्याच्या काचेत वरून बघत म्हणालो. त्यांचा डावा डोळा स्पष्ट झाला आणि लगेच विरघळला. सातवा फोटो वाया गेला. बारा फोटोंचा रोल, आणि जवळ तो एकच उरलेला.

गणूतात्या माझ्या मुंबईतल्या मित्राचे वडील. जन्मभर चिऱ्याच्या भिंती बांधल्या. आता मान सारखी पुढेमागे डुलते. मोबाइलवरचे त्यांचे सगळे फोटो हललेले. त्यांच्या पत्नी सुमतीकाकींना भिंतीवर लावायला त्यांचा एक तरी नीट चेहरा हवा होता, आणि तो तात्यांच्या हयातीतच. म्हणून मी आलो होतो.

पुण्याहून आंबा घाट उतरून लांजा. हायवेलगत साध्या खोल्या मिळतात. पुढे तात्यांच्या गावाची एसटी दिवसातून दोनदा. ती चुकली तर रिक्षा अडीचशे घेते. शेवटचा रस्ता कच्चा, पावसाळ्यात टाळावा. दुपारी काकींनी कुळथाची पिठी आणि भाकरी वाढली. मग आम्ही पडवीत बसलो.

पडवीत उजेड कमी. भिंग पूर्ण उघडावे लागले, आणि मग जे स्पष्ट येते त्याची खोली जेमतेम दोन बोटे. तात्यांची मान त्याहून जास्त डुलत होती.

“भिंतीला डोकं टेकवा,” मी म्हटले.

“भिंत मी उभी करायची. भिंतीनं मला नाय.” मग ते काकींकडे वळले. “गो, माझा सूत आण.”

काकींनी गवंडीकामाची दोरी आणली. एक टोक मी कॅमेऱ्याच्या तिपाईला बांधले, दुसरे काकींनी तात्यांच्या भुवईशी धरले. मी डोळ्यावर फोकस लावला आणि दोरी बरोबर तेवढ्याच अंतराची ठेवली. मान पुढे आली की सूत सैल. ताठ झाले की बटण दाबायचे.

पण प्रत्येक वेळी मी दाबण्याआधीच काकी हात काढून घेत, आणि मान निसटे. चार फोटो तसेच गेले. एक राहिला.

“हात काढू नको,” तात्या म्हणाले.

“अवो, फोटोत माझा हात येल. लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, बायकोनं धरून ठेवलान.”

काकी हसल्या नाहीत. हात तिथेच राहिला. सूत ताठ झाले. मी दाबले.

“हात मागनं कापून टाका हां, भाऊ,” निघताना त्या म्हणाल्या.

पुण्यात रोल धुतला. अकरा चेहरे धूसर. बाराव्यात पापण्यांचे केस मोजता येत होते, आणि भुवईशी काकींची दोन बोटे, नखांतल्या पिठासकट. हात कापला तर कानही जात होता, पण मला तो कापवेना याचे खरे कारण ते नव्हते. परतल्यापासून मला त्या प्रवासातले त्या हाताखेरीज दुसरे काही आठवतच नव्हते.

संध्याकाळी फोन केला.

“फोटोत डोळे नीट आले?” काकींनी विचारले.

“आले. हात कापू?”

पलीकडे तात्या खोकल्याचे ऐकू आले.

“ऱ्हावदे,” काकी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा फोटो छापून घेतला आणि लांज्याच्या गाडीत पार्सल दिले.